फक्त चहा पिणारे

वर्तुळ ही जगातली सर्वांत न्यायी आकृती आहे, केंद्रापासून सगळे सारख्याच अंतरावर — असं पाण्याच्या बाटलीचं झाकण कच्च्या कागदावर दाबून त्याभोवती पेन्सिल फिरवताना सुहासिनीला वाटत होतं, तेवढ्यात झाकण सरकलं आणि वर्तुळाचा बटाटा झाला.

चालेल. एका कार्यालयात एकशेवीस कर्मचारी. पंचाहत्तर चहा पितात, साठ कॉफी, पंधरा काहीच पीत नाहीत... तर फक्त चहा पिणारे किती? राजधानीच्या रोहिणी भागातल्या कुठल्याशा शाळेत, पाचवीच्या मुलांच्या बाकात गुडघे कोंबून, बढतीच्या परीक्षेच्या तिसऱ्या खेपेला ती हे शोधत होती. आणि दोन्ही वर्तुळांच्या सामाईक फाकेत — कॉफी साहेबांच्या केबिनमध्ये, चहा तिच्या टेबलाशी — तिला विलासभाऊजी पाय पसरून बसलेले दिसत होते. धाकटा दीर, वयानं तिच्याहून मोठा, तिच्याच खात्यात. घरचं ऑफिसात आणि ऑफिसातलं घरी पोचवणारा. मागच्या निकालानंतर गणपतीच्या आरतीला, अख्ख्या मंडळासमोर, तबक हातात धरून, "गणितात आमच्या वहिनींचं पुन्हा पानिपत! अहो, बिल्कुल सोपं होतं यार!" सगळे हसले. नवराही हसला — तोंडात मोदक होता म्हणून थोडं कमी. तिकडे महाराष्ट्राला पानिपत म्हणजे इतिहास. इथे आम्हाला ते बसच्या पाटीवर रोज दिसतं...

एकशेवीस वजा पंधरा, एकशेपाच. पंचाहत्तर आणि साठ, एकशेपस्तीस. म्हणजे तीस माणसं दोनदा मोजली गेली. भाऊजी जन्मभर दोनदाच मोजले गेलेत, आणि मी... मी एकदा तरी?

निकाल लागू दे. रजेचा अर्ज घेऊन ते माझ्या टेबलासमोर उभे राहतील. बसा म्हणणार नाही. मराठीत बोलणारसुद्धा नाही. "विलासजी, कल आइएगा." आणि मग त्यांना तोंडातलं 'वहिनी' गिळून म्हणावं लागेल —

"मैडम, ढक्कन नीचे रखिए," पर्यवेक्षिका म्हणाली.

— हेच. पण त्यांच्या तोंडून.

पंचाहत्तरातून तीस गेले, पंचेचाळीस. पर्याय 'ब'. तिनं तो गोल इतका काळा केला की कागद चमकायला लागला. हात थांबेना. उरलेल्या जागेत तिनं नुसत्या हातानं आणखी दोन वर्तुळं काढायला घेतली, चवीपुरती : भाऊजी नोकरीत असतील ते महिने, आणि ती अधिकारी असेल ते महिने. सामाईक फाकेत आता त्यांना बसवायचं... किती अर्ज, किती 'कल आइएगा'... पेन्सिल पुढे गेली, मागे आली. वर्तुळं एकमेकांना शिवेनात. तिनं दुसरं जरा फुगवलं; सरकारी निकाल कधी लवकर लागत नाही हे माहीत असून फुगवलं. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या — एकीसाठी ती रोज देवाला हात जोडत होती, दुसरीच्या जेवणातलं श्रीखंड तिच्याचकडे होतं — फक्त त्या एका कागदावर कधी आल्या नव्हत्या.

राग होता तसाच होता, तासलेल्या पेन्सिलीसारखा. पण तो घेऊन जायचं कुणाकडे, ते आता कळेना. आणि पुढचा प्रश्न आगगाडीचा होता.

भाऊजी मार्चअखेर निवृत्त होतात. निकाल जूनमध्ये लागतो.