एक खांब कमी

डोंबिवलीच्या बुधवारच्या मंडळात मंदाकिनी करंदीकरांना सगळ्याजणी तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'उसवबाई'. दोन्ही नावं त्यांनी स्वतः कमावलेली होती. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवणकाम शिकवलेलं; वाकडा टाका दिसला की बाईंची बोटं शिवशिवायला लागत. टेंभी नाक्यावरून दर बुधवारी दुपारी त्या नीलाच्या घरी यायच्या, त्या विणायला कमी आणि तपासायला जास्त.

नीला म्हणजे निवृत्त नर्स. सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात गेलेली. आपल्याकडे बाळ हातात येईपर्यंत त्याचे कपडे आणत नाहीत. अंगडी-टोपडी, दुपटी, सगळं मागाहून, बाळंतविड्यात. रीत म्हणून ठीकच आहे. पण जे बाळ आलं आणि राहिलंच नाही, त्याच्यासाठी घरात एक चिंधीसुद्धा नसते. नीलाने पस्तीस वर्षं अशी बाळं हॉस्पिटलच्या हिरव्या कापडात गुंडाळून बापाच्या हातात दिली होती आणि दर वेळी तिला स्वतःचीच लाज वाटली होती. निवृत्त झाल्यावर तिने चार बायका जमवल्या, लोकर आणली आणि संत्र्याएवढ्या डोक्याची टोपडी करायला घेतली. एकाच गुंड्यातून दोन, सारखी. एक बाळाबरोबर मातीत जायचं, दुसरं आईपाशी राहायचं.

टोपडी हॉस्पिटलात जायला लागली तसे बाईंचे नियमही आले. हात धुतल्याशिवाय लोकरीला शिवायचं नाही. फेरात बेचाळीस खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, तर बेचाळीसच. शेवटी दोरा कापला की टोक टाक्यांखाली लपवायचं, गाठ मारायची नाही, कारण गाठ टोचते. सोनल नावाची बँकेतली मुलगी एकदा पटकन बोलून गेलेली, "पण बाई, ह्या बाळांना काय टोचणार?"

"बाळाला नाही," बाई म्हणाल्या होत्या. "टोपडं घालताना आईच्या बोटांना टोचते."

त्यानंतर कुणी गाठ मारली नाही.

त्या बुधवारी बाई आल्या आणि नेहमीप्रमाणे आधी मोरीत हात धुवायला गेल्या. एकेक बोट पुसत बाहेर आल्या, तर टेबलावर आठवड्याची टोपडी मांडून ठेवलेली. सोनल खिडकीपाशी फोनवर बोलत होती. स्वयंपाकघरात नीलाबरोबर आणखी कुणाचा तरी आवाज होता. असेल कुणी पाहुणी, म्हणून बाई कामाला लागल्या.

पहिली सहा पास झाली. सातवं फिकट अबोली रंगाचं होतं आणि एकटंच होतं, त्याची जोडी कुठे दिसेना. बाईंनी ते मुठीवर चढवलं आणि मोजायला लागल्या. कडेपासून पाचव्या फेरात एक खांब कमी. बेचाळीसचे एकेचाळीस, आणि सुटल्या जागी मुगाच्या दाण्याएवढं भोक.

"हे कुणी गं दिवे लावलेत?" त्यांनी विचारलं. सोनलचा फोन काही संपेना. जोडीशिवाय आणून ठेवलंय, वर भोक. बाईंनी सुईने दोऱ्याचं टोक उकरून काढलं. ते तब्बल सात टाक्यांखाली लपवलेलं होतं. एवढं तरी नीट शिकलीय म्हणायची, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी दोरा ओढला.

क्रोशाचं काम व्हायला दोन दिवस लागतात आणि उसवायला दोन मिनिटंही फार होतात. सर्र करत सहा फेर निघाले. लोकर मांडीवर वेटोळी घालून पडली.

तेवढ्यात नीला चहाचा ट्रे घेऊन आली. तिच्यामागे साधा पंजाबी ड्रेस घातलेली तिशीच्या आतली एक मुलगी, हातात बिस्किटांची बशी. नीला बोलतच होती, "बाई, ही समीक्षा. शहाडहून आलीय, तिला शिकायचंय..." आणि ती थांबली.

समीक्षा बाईंच्या मांडीकडे बघत होती. तिने बशी टेबलावर ठेवली, नीट मध्यभागी ठेवली.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "मी आणलेलं. बघून शिकायला."

बाईंना अजून उलगडा झाला नव्हता. "अगं, पण त्यात चूक होती. फेरात एक खांब..."

"माझ्या मुलीचं आहे ते," समीक्षा म्हणाली.

सोनलने फोन बंद केला. ट्रे कुठे ठेवावा हे नीलाला कळेना. सात महिन्यांपूर्वी ह्या मुलीला नीलानेच, ओळखीच्या सिस्टरच्या हाती, अबोली टोपड्यांची जोडी पाठवली होती. बाळ चार तास होतं. एक टोपडं त्याच्याबरोबर गेलं. समीक्षाकडे ना फोटो होता, ना पायाचा ठसा, ना नाव. बारसंच झालं नव्हतं. होतं ते हे एवढंच, आणि ते आता बाईंच्या मांडीवर सुटून पडलं होतं.

बाईंनी आयुष्यात हजारो मुलींचं काम उसवलं असेल. मुली रडल्या, बाईंना कधी काही वाटलं नाही. उसवल्याशिवाय शिकत नाहीत, हा त्यांचा ठाम विश्वास. आज त्यांना तोंड कुठे लपवावं असं झालं. त्यांनी खाली मान घालून लोकर चाचपली आणि दोऱ्याचं ते टोक त्यांच्या बोटात आलं. सात टाके. मंडळात सगळ्याजणी तीन टाक्यांखाली टोक लपवतात. सात टाक्यांखाली लपवणारी एकच बाई होती.

सात महिन्यांपूर्वी, त्याच दिवसांत बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं आणि बाईंनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी सुई हातात घेतली होती. सगळ्यांचं काम बाई तपासायच्या, बाईंचं कोण तपासणार?

"समीक्षा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंचा राहिला नव्हता. "हे मीच केलेलं आहे. चूकही माझीच, आणि आता उसवलंयही मीच. मला माफ कर."

समीक्षा त्यांच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसून समोरच्या स्टुलावर बसली.

"मग तर तुम्हाला परत येईल ना?" तिने विचारलं.

"येईल. नीला, नवी अबोली..."

"नवी नको. हीच पाहिजे."

बाईंचा नियम असा की उसवलेली लोकर आधी धुवायची, वाळवायची, सरळ करायची, मग वापरायची. ती वेटोळी लोकर त्यांनी नाकाशी नेली; सात महिने हाताळल्याचा वास तिला लागला होता. धुवायची नाही हे न सांगता कळण्यासारखं होतं. त्यांनी सुई घातली आणि पहिला फेर तसाच, गुरफटलेल्या दोऱ्याने सुरू केला. तो संपला तशी समीक्षा म्हणाली, "आणि ते भोकपण पाहिजे."

"भोक?"

"हो. आम्ही दोन्ही बघितलेली तेव्हा. मी आणि राकेश. एकात भोक होतं, एक नीट होतं. नीट होतं ते तिला घातलं." तिने मांडीवरची ओढणी सरळ केली. "आपण असंच करतो ना, बाई? चांगलं मुलाला देतो, आपल्याला काय, कसलंही चालतं."

नीलाने तोंडाला पदर लावला. बाईंनी मान खाली घातली, पण ह्या खेपेला त्यांना टाके दिसत नव्हते.

आता खरी पंचाईत झाली. भोक कुठे होतं? कडेपासून पाचव्या, म्हणजे आता घालायच्याच फेरात हे बाईंना पक्कं ठाऊक, पण बेचाळिसांतला कितवा खांब? मोजताना त्यांनी कमी किती ते बघितलं होतं, कुठला ते नव्हतं. चूक काढणं सोपं, तिची नेमकी जागा सांगणं अवघड, हे त्यांना सत्तरीत कळत होतं. त्या अंदाजाने एक खांब सोडायला गेल्या, तर हातच तयार होईना. इतक्या वर्षांची सवय, सुई आपली बरोबर त्याच घरात जाऊन बसायची.

"द्या इकडे," समीक्षा म्हणाली. तिने अर्धं टोपडं घेतलं. फेर जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ पडते, तिच्यावर तिने अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. मधलं बोट सावकाश पुढे गेलं आणि एका जागी थांबलं. "इथे. अंगठा रेघेवर धरला की हे बोट भोकात जायचं. मी रोज धरते ना."

बाईंनी तिथवर विणून आणलं आणि सुई तिच्या हातात दिली.

"तू शिकायला आलीयस ना? मग इथला खांब घालायचा नाही. तो सोड आणि पुढच्या घरात घाल. दोरा असा घे... हं. आता ओढ."

समीक्षाने आयुष्यातला पहिला खांब घातला. तो नको इतका घट्ट आणि चांगलाच तिरपा आला. सोनलने बाईंच्या बोटांकडे बघितलं. बोटं हलली नाहीत.

"पुढे जाऊ दे," बाई म्हणाल्या आणि उरलेले फेर त्यांनी पूर्ण केले.

चहा कधीच गार झाला होता. बाईंनी दोरा कापला, शेवटच्या फासातून ओढून घेतला आणि टोक लपवायला सुई वळवली. समीक्षाने हात पुढे करून त्यांना अडवलं.

"बाई, आता हे परत नाही ना उसवणार?"

"नाही गं. मी पुन्हा..."

"तुम्ही नाही हो. कुणीच. धुताना, कुणाच्या हाताने, असंच कधी."

बाईंनी सुई खाली ठेवली. टोक असं लपवलं की ते उकरून काढता येतं, हे त्यांनी आजच दुपारी दाखवून दिलं होतं.

"गाठ मारावी लागेल मग," त्या म्हणाल्या. "पण बोटांना टोचेल गं तुझ्या."

"टोचू दे," समीक्षा म्हणाली.

बाईंनी गाठ मारली. एकावर एक अशा दोन मारल्या, दातांनी दोरा ओढून घट्ट केल्या आणि टोपडं तिच्या हातात दिलं.