अक्काचा मिस्ड कॉल

नानांच्या फोनवर अक्काचा एक मिस्ड कॉल येऊन बसला होता आणि तो काही केल्या उठायला तयार नव्हता.

'अक्का, १ मिस्ड कॉल.' बोटाने बाजूला सारला की जायचा आणि चहा संपेपर्यंत पुन्हा हजर. नकोसा पाहुणासुद्धा निदान जेवणाची वेळ बघून येतो, याला ना काळ ना वेळ.

दुसऱ्या कुणाचा असता तर नानांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सत्तरी उलटलेली, दूरच्या गावी एकटी राहणारी आणि 'मला कुणाची गरज नाही' हे दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय न झोपणारी. फोनवर बोलणं महाग होतं तेव्हा बहीणभावांनी एक पद्धत पाडली होती. सकाळी आवरलं की अक्का एक रिंग देऊन फोन ठेवायची. म्हणजे, मी ठीक आहे. नाना उलट एक रिंग द्यायचे. म्हणजे, कळलं. उचलायचा कुणीच नाही. पुढे बोलणं फुकटाच्या भावात आलं, तरी यांची पद्धत तीच. "जित्याची खोड," एवढंच म्हणून नानांची बायको उरलेली म्हण गिळून टाकायची.

नानांचं चष्म्यांचं दुकान होतं. सकाळच्या वेळी ते मागच्या खोलीत काचा घासायला बसत. यंत्राची घरघर, वर पाण्याची धार, त्यात खणातला फोन कसला ऐकू येतोय! काम झालं की हात पुसून ते खण उघडत, अक्काचा मिस्ड कॉल बघत, एक रिंग देत आणि मगच दुकानाची फळी उघडत.

कॉल असा मुक्कामाला आल्यावर मात्र त्यांची तारांबळ उडाली. दिसला की रिंग, दिसला की रिंग. शेवटी अक्काचाच फोन आला आणि तो थांबेना, तेव्हा नानांनी घाबरत घाबरत उचलला.

"काय रे नान्या, उठसूट कसल्या रिंगा देतोस? गॅस सोडून धावत येते मी फोनपाशी!"

"अगं, तुझाच कॉल दिसतोय परत परत."

"मी सकाळी एकदाच देते. तूही एकदाच दे. आणि फोन बिघडलाय की डोकं, ते जरा कुणाला तरी दाखव."

नानांनी शेजारच्या मोबाइलवाल्याला दाखवलं. फोन, डोकं नव्हे. त्याने फोन बंद करून चालू केला. नोटिफिकेशन बंद करून चालू केलं. कॉलच्या ॲपमध्ये साठलेला कचरा साफ केला, नवीन अपडेट टाकलं. दर वेळी कॉल गेला आणि नाना दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत परत आला.

"काका, आता एकच उपाय. फोन सगळा पुसून नव्यासारखा करायचा. पण आधी तुमचे फोटो, नंबर काढून ठेवावे लागतील. निवांत या एकदा."

"आणि तोवर?"

"तोवर लक्षच देऊ नका."

निवांत वेळ काही मिळाला नाही आणि घोंगडं भिजत पडलं. सकाळी खणात दिसतो तो कॉल खरा, दिवसभर दिसतात ते खोटे, असं नानांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं. खोटा कॉल सकाळीही तिथेच बसलेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावाच्या डोळ्यांचे नंबर बिनचूक काढणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका दुपारी मोबाइलवाला चष्म्याची दांडी आवळून घ्यायला आला. नाना स्क्रू फिरवत होते तेवढ्यात त्याने काउंटरवरचा फोन उचलला.

"अजून आहेच का हा? आज रिकामा आहे मी, करून टाकू." कॉलची यादी उघडून तो खाली-वर बघू लागला. "काका, अक्कांचा शेवटचा कॉल परवाचा आहे."

"आजचा बघ की. सकाळी मी रिंगही दिली."

"तुमची गेलेली दिसते. कालही गेली आहे. त्यांची आलेली नाही. वर दिसतंय ते जुनंच."

नानांनी दांडी तशीच काउंटरवर टाकली. त्यांनी अक्काला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"उचलत नाही ती," ते म्हणाले. "आमची पद्धतच आहे तशी." आपण काय बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं.

अक्काच्या शेजाऱ्यांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. मिळाली ती बस त्यांनी धरली, बायको सोबत. बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, ड्रायव्हर चहाला उतरत होता आणि नाना फोन लावत होते. वाजायचा, वाजायचा, बंद व्हायचा. एवढ्या वर्षांत जो फोन अक्काने उचलू नये असंच ठरलेलं, तो तिने एकदा उचलावा म्हणून ते आता रडकुंडीला आले होते.

"उचल गं," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "शिव्या दे हवं तर, पण उचल."

बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला. गिळलेली म्हण तिला आता आठवली असावी.

अक्काचं दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांनी कडी तोडली. अक्का बाथरूमच्या दारात बेशुद्ध पडली होती. खुबा मोडला होता, ओठांना कोरड पडून चिरा गेल्या होत्या, पण श्वास चालू होता.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तिला बोलता आलं. आवाज अगदी बारीक झाला होता. नाना खुर्ची ओढून तिच्या तोंडाशी वाकून बसले.

"फोन ओट्यावर होता रे. हात पोचत नव्हता. पण ऐकू सगळं येत होतं." ती थांबली, पाणी मागून प्यायली. "पडले त्या सकाळी माझी रिंग राहिली. म्हटलं, आज रिंग नाही म्हटल्यावर नान्या घाबरेल. तेवढ्यात तुझी एक रिंग आली."

नानांनी मान खाली घातली.

"कळलं म्हणालास ना तू? मला वाटलं, निघालाच असेल. दिवसभर दाराकडे कान लावून होते. हाका मारत होते शेजाऱ्यांना. दुसऱ्या सकाळी पुन्हा तुझी एक रिंग आली. रोजच्यासारखी. मग मी हाका मारायच्या सोडून दिल्या."

"अक्का, तो फोन..." नानांनी तोंड उघडलं. पण काय सांगणार? दाखवावा तरी, म्हणून त्यांनी खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. वर तेच होतं. अक्का, १ मिस्ड कॉल.

अक्काने तोवर डोळे मिटून घेतले होते.