शारीकचा डावा पाय

“चैतन्य, तुझ्या त्या टॅबलेटवर काय दिसतंय रे?” गफूरभाईने विचारलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

अकरा वर्षं हा प्रश्न आधी मला विचारला जायचा. शुक्रवारची सकाळ, सौदीतल्या जुबैलच्या कंपाउंडमागचं मैदान, आणि गफूरभाई हातात सुलेमानी चहा घेऊन माझ्याकडे वळायचा, “बोला हरिहरभाव, कोण?” टीम त्याची. म्हणजे जर्सी त्याची, बर्फाचं पाणी त्याचं, सामन्याला न्यायची बस त्याची. गडी मूळचा दापोलीचा, इथे कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवतो. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही. क्वार्टरबॅक निवडायचा तो मी.

नाशिकचा माणूस आणि अमेरिकन फुटबॉल, असं म्हणून लोक हसतात. हसोत. सव्वीस वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा माझा पहिला साहेब टेक्सासचा होता. त्याने मला हा खेळ असा शिकवला की क्रिकेटची चवच गेली. तिकडच्या टीमा, त्यांचे मालक, त्यांचे क्वार्टरबॅक, सगळ्यांबद्दल माझी मतं आहेत आणि ती मी कोणी न विचारताही सांगतो. मालकाने चेकवर सही करावी आणि गप्प बसावं, हे पहिलं मत. मालकाचा नातेवाईक मैदानात उतरला की ती टीम बुडाली समजा, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे, हे लोक उंची आणि दंड बघून क्वार्टरबॅक घेतात, मुलीला स्थळ बघतात तसं. अहो, त्याचं डोकं कोण बघणार?

आमचा खेळ साधा, फ्लॅगचा. अंगाला अंग भिडवायचं नाही, कमरेला लोंबणारी पट्टी ओढली की डाव थांबला. पण क्वार्टरबॅक तो क्वार्टरबॅकच. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, आणि चेंडू कोणाकडे फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत ठरवायचं.

तो निवडायची माझी रीत माझ्या नोकरीतून आली. मी कंपनीत प्रेशर गेज तपासतो. दाब वाढवत नेला की बहुतेक गेज बरोबर दाखवतं. खरी परीक्षा दाब उतरवताना. खराब गेजचा काटा तिथे अडखळतो. म्हणून मी झेल घेणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवतो, दोन चेंडू मुद्दाम सोडा. पहिले दोन मी बघतच नाही, तिसरा कसा येतो ते बघतो.

त्या सकाळी दोघे उमेदवार होते. उसामा, गफूरभाईच्या बहिणीचा मुलगा, सहा फूट उंच. दोन झेल सुटल्यावर त्याने समोरच्याला शिवी हासडली आणि तिसरा चेंडू रागाने असा मारला की तो कुंपणापार गेला. दुसरा शारीक. म्हसळ्याचा, कंपाउंडमधले एसी दुरुस्त करणारा, सव्वीस-सत्तावीसचा, अंगाने सडपातळ. त्याने झेल सुटल्यावर विचारलं, “ऊन डोळ्यांवर येतंय का? बाजू बदलूया?” आणि तिसरा चेंडू पहिल्यासारखाच, छातीशी, अलगद. असला माणूस अकरा वर्षांत मी पाहिला नव्हता.

आणि चैतन्य टॅबलेटवरचे फेकींचे आकडे बघून म्हणाला, “शारीक. प्रश्नच नाही.”

हा चैतन्य पुण्याचा, तीन महिन्यांपूर्वी आलेला. माझ्याच जागेवर. महिनाअखेर माझं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी, त्यानंतर माझं टेबल त्याचं, माझी किल्ली त्याची. इथपर्यंत ठीक. नियमच आहे. पण त्याला मैदानावर मीच आणलं होतं, आणि दुसऱ्याच शुक्रवारी गफूरभाई त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा. पोरगं वाईटही नाही. उर्मट असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

“काका, तुमचं काय मत?” त्याने अदबीने विचारलं.

शारीकचंच नाव माझ्या ओठांवर होतं. पण हो म्हटलं असतं तर काय? टॅबलेटने जे सांगितलं त्यावर म्हाताऱ्याने मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मत्सर होता तो.

“उसामा,” मी म्हणालो.

गफूरभाई चमकला. “भाचा हाय वो माझा! तुमीच म्हणता ना, मालकाच्या घरातला नको म्हणून?”

“या वेळी अपवाद.”

“मग झालं! हरिहरभावने अकरा वर्षांत कधी चुकीचं सांगितलेलं नाय.” चैतन्यने टॅबलेट मिटला. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

रविवारी शारीक माझ्या खोलीत आला. एसीची जाळी साफ करायचं निमित्त. जाळी धुऊन बसवली, हात पुसले, आणि उभाच राहिला.

“काका, राग नका मानू. माझं काय चुकलं तेवढं सांगा. मी सुधारतो.”

काही नाही चुकलं, हे तीन शब्द होते. ते म्हटले असते तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग मला का घेतलं नाही? मी म्हणालो, “तुझा डावा पाय. फेकताना फार पुढे पडतो. आखूड टाक.”

“डावा पाय,” त्याने मान डोलावली. “कोणीच बोललं नव्हतं. बरं झालं तुम्ही बघितलंत.”

तो गेल्यावर मी मंजिरीला फोन केला. बायको नाशिकला, दोन वर्षांपासून घर लावून बसलीय. सगळं सांगितलं, माझ्या बाजूने, रंगवून.

“त्या पुण्याच्या मुलावर जळताय तुम्ही,” ती म्हणाली. “त्यात या शारीकचं काय मध्येच?”

“तुला खेळातलं काही कळत नाही.”

“खेळातलं नाही कळत. तुमचं कळतं.”

मी फोन ठेवला. त्या आठवड्यात कामावर जाता-येता शारीक मला रोज दिसायचा. गोदामाच्या भिंतीपाशी एकटाच, भिंतीवर खडूने वर्तुळ काढून चेंडू मारत. पाय आखूड टाकायचा, चेंडू खाली पडायचा, उचलायचा, परत. मी मान वळवून निघून जायचो. सांगू उद्या, म्हणायचो. उद्या चैतन्य सोबत असायचा.

पुढच्या शुक्रवारी स्पर्धा. पहिला सामना आम्ही जिंकलो, समोरची टीमच तशी होती. गफूरभाईने सगळ्यांना खजूर वाटले आणि भाच्याला मिठी मारली. दुसऱ्या सामन्यात उसामाचे दोन चेंडू समोरच्यांनी पळवले. मग तो आपल्याच माणसांवर खेकसायला लागला, तिसरा चेंडू आंधळ्यासारखा फेकला, चौथाही. गफूरभाई रेषा ओलांडून आत शिरला, “अरे उंच मार, उंच!” करत. मालकाने आत शिरू नये हे मी त्याला अकरा वर्षं सांगत आलोय. त्या दिवशी कोणत्या तोंडाने सांगणार?

“यल्ला, चल शारीक, जा तू,” शेवटी गफूरभाई ओरडला.

अजून वेळ होता. दोन चांगले चेंडू पडले असते तरी सामना हातात होता. शारीक मागे उभा राहिला, माणूस बरोबर हेरला, हात वर नेला. आणि डावा पाय आखूड पडला. अगदी मी सांगितला होता तसा. चेंडू झेलणाऱ्याच्या बुटांपाशी पडला. दुसरा तसाच. तिसऱ्याला समोरच्याने पट्टी ओढली. हरलो.

चैतन्य माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “सॉरी काका. तुम्ही बरोबर होतात. मी नुसते आकडे बघत बसलो. तुमच्यासारखी नजर यायला मला वर्षं लागतील.”

हेच तर ऐकायचं होतं मला! तीन महिने याचीच वाट बघत होतो. आणि आता ऐकलं तर त्या पोराच्या तोंडाकडे बघवेना. “नाही रे,” एवढंच मी म्हणालो, आणि सरळ मैदानात गेलो.

शारीक खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. “काका, जमलं नाही. सवय व्हायला अजून थोडे दिवस लागतील पायाची.”

“शारीक, तुझा पाय बरोबर होता.”

“काय?”

“काहीच चुकत नव्हतं तुझं. मी खोटं बोललो. या चैतन्यला खोटं पाडायचं होतं मला, म्हणून.”

चैतन्य मागोमाग आला होता. त्याने ऐकलं. गफूरभाईनेही ऐकलं, हातातली खजुराची पिशवी तशीच. शारीकने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने नाडी पुन्हा बांधली आणि चेंडू उचलला.

“मग आधी पाय कुठे पडायचा, तेवढं सांगा.”

मला नक्की ठाऊक होतं. मी टाचेने मातीत रेघ मारली. तो उभा राहिला. मी वीस पावलं लांब जाऊन हात पुढे धरले. फेकण्याआधी त्याने मान खाली घालून पायाकडे बघितलं, मग रेघेकडे, मग माझ्याकडे. चेंडू माझ्या चार हात अलीकडे पडला.

“नाय आठवत काका,” तो म्हणाला. “आधी मी बघायचोच नाय ना खाली.”

बस निघायची वेळ झाली होती. गफूरभाईने हाक मारली नाही, बस थांबवून ठेवली. चैतन्य पलीकडच्या टोकाला जाऊन लांब गेलेले चेंडू परत आणायला उभा राहिला.

“परत फेक,” मी म्हणालो.

त्याने परत पायाकडे बघितलं.