लाल चपला, निळ्या चपला

कुत्र्याचं तिसरं पिल्लू मंगळवारी सकाळी गेलं, आणि डॉक्टर विरोतनी सगळ्यांसमोर विचारलं, "लमाई, हात तरी नीट धुतेस का?"

थायलंडमधल्या लाम्पांगच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात लमाई नऊ वर्षं नर्स होती. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली. तिने ते हात डॉक्टरच्या नाकासमोरच धरले. "बघा. अजून घासले तर हाडाला लागेल."

"मग पुढच्या वॉर्डात पार्व्हो शिरला कसा? आजारी पिल्लं मागच्या खोलीत, दार बंद, आत जाणारी तू एकटी."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. पार्व्होची, म्हणजे रक्ताची हगवण लागलेली पिल्लं मागे. तिथला गाऊन वेगळा, हातमोजे वेगळे, चपलासुद्धा वेगळ्या, लाल. बाकी सगळीकडे निळ्या. बाहेरचे बूट पायरीखाली काढायचे आणि दारातल्या निळ्या चपला घालून आत यायचं, हे तिथे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तरी पुढच्या वॉर्डातली, लस न झालेली तीन पिल्लं पटापट गेली. उरलं एकच. नूडल्सची गाडी लावणाऱ्या फानोमचं, पाय मोडून आलेलं, दीड महिन्याचं.

"हे गेलं तर तूही गेलीस," डॉक्टर म्हणाले.

"हे जात नाही. आणि मीपण."

म्हणाली खरी, पण कसं ते तिलाही माहीत नव्हतं. तिने पिल्लाची पेटी उचलून वरच्या औषधांच्या खोलीत नेली. मग खाली येऊन वॉर्डात स्टूल टाकून बसली आणि दिवसभर लोकांचे नुसते पाय बघितले. हात तर सगळेच बघतात. काही सापडलं नाही. मग बुधवारी आठऐवजी सहालाच आली.

मागच्या अंगणात याय बुंचू उकिडवी बसली होती. याय म्हणजे आजी. डॉक्टरची आई, आणि इमारतही तिचीच. समोर टब, साबणाचा फेस, हातात ब्रश. टबात दवाखान्यातल्या सगळ्या चपला. निळ्यांमध्ये लाल तरंगत होत्या.

"याय! हे काय करताय?"

"दिसत नाही? धुतेय. तुम्हा पोरींना कुठली आलीय स्वच्छता! रोज पहाटे धुते, तुम्ही यायच्या आत जिथल्या तिथे ठेवते. आजाऱ्यांच्या खोलीतल्या तर आधी घासते, दुप्पट."

"आणि त्याच ब्रशने निळ्या?"

"मग? ब्रशाला काय जात असते?"

लमाईच्या डोक्यात सणक गेली. "साबणाने पार्व्हो मरत नाही, याय! ब्लीच लागतं. दहा मिनिटं बुडवून ठेवावं लागतं. तुम्ही रोज पहाटे तो आजार सगळ्या चपलांना वाटून देताय."

"मला घाणेरडी म्हणतेस?"

"तुम्ही घाणेरड्या असता तर पिल्लं वाचली असती!"

म्हातारीच्या हातातून ब्रश पडला.

लमाईने टबात ब्लीच ओतलं, घड्याळ लावलं. अंगण, पायरी, वॉर्डाची फरशी आधी साबणाने, मग ब्लीचने धुऊन काढली. दारात ब्लीचच्या पाण्याचा ट्रे ठेवला, टब ब्रशसकट तिथेच ओढून आणला आणि स्वतः आडवी उभी राहिली. आठ वाजता डॉक्टर आले, तोवर बाहेर पाच गिऱ्हाईकं खोळंबलेली.

"विरोत! हिने मला माझ्याच घरात शिकवलं!" आई कडाडली.

डॉक्टरचं तोंड लाल झालं. "लमाई, आधी हात जोड. माफी माग आईची."

लमाईने हात जोडले, नाकाला टेकवून, मान खाली घालून, अगदी रीतसर. "याय, वयाला हात जोडते. पण बोलले ते चुकीचं नव्हतं, त्याची माफी नाही."

"बाजूला हो."

"नाही होणार. आत जायचं तर टबातली चप्पल घाला, ट्रेमध्ये पाय ठेवा, मग जा. मला काढायचं तर खुशाल काढा, पण तेही आत जाऊन. म्हणजे पाय बुडवूनच."

रांगेतला रिक्षावाला छातीशी मांजर धरून उभा होता. "डॉक्टर, काय ते लवकर ठरवा हो, ही माझा शर्ट फाडतेय."

कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी टबाकडे पाहिलं. लाल, निळी, लाल. बाजूला पडलेला ब्रश. साबणाने पार्व्हो मरत नाही हे पुस्तकात त्यांनीही वाचलेलं होतं, आणि रोज सकाळी त्या लखलखीत चपला घालून ते आईचं कौतुक करत आले होते. त्यांनी टबातून निळा जोड काढला, घातला, ट्रेमध्ये पाय दिले.

म्हातारी बाहेरच राहिली. लमाईने तिला सावलीत खुर्ची नेऊन दिली आणि परत दारात येऊन उभी राहिली.

चौथं पिल्लू गेलं नाही. अकराव्या दिवशी फानोम आपलं पिल्लू प्लास्टरसकट घेऊन गेला. याय बुंचू अजून गल्लीभर सांगते, की त्या नर्सने मला घाणेरडी म्हटलं.

"सांगू दे," लमाई म्हणते. "आत येऊन सांगायचं असेल तर मात्र पाय बुडवायचे."