लाँड्रीच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण मला पाहून लगेच पाढे आठवू नका. मी शाळेतला नाही. मला बनवले होते शाळेसाठीच. सुताराने फळ्या जोडल्या, घासून गुळगुळीत केल्या, आणि मला न्यायला आलेल्या माणसाने एक डोळा मिटून माझी कड पाहिली. "वाकडा आहे," तो म्हणाला. झाले. वर्गाचे तोंड पाहण्याआधीच मी नापास झालो आणि सुताराच्या दुकानात भुशात पडून राहिलो.

तिथून मला उचलले पेंटरकाकांनी. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. "वाकडा तर वाकडा. आपली गल्ली तरी कुठे सरळ आहे?" असे म्हणत त्यांनी मला काळ्या रंगाचे दोन हात दिले, वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने 'आपली गल्ली' असे सावली देऊन लिहिले आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या भिंतीवर पत्र्याखाली टांगले. त्या दिवशी मी किती ताठलो होतो म्हणून सांगू! वाकडेपणा ताठण्याच्या आड आला नाही.

काका रोज सकाळी खडू घेऊन यायचे. पाणी कधी येणार, दवाखाना कधी बंद, कोणाला मुलगी झाली, कोणाची किल्ली जिन्यात सापडली, सगळे माझ्यावर असायचे. आठवड्यातून एकदा ते चालत नगर कार्यालयात जायचे. तिथे काचेच्या पेटीत सरकारी सूचना लावतात. त्यांची भाषा अशी की वाचणाऱ्याला धाप लागावी. काका त्या वाचायचे, आपल्या गल्लीच्या कामाचे तेवढे डोक्यात ठेवायचे आणि साध्या भाषेत माझ्यावर उतरवायचे. रस्ता खोदणार असतील, दिवे बदलणार असतील, लोकांचे म्हणणे मागवले असेल, तर गल्लीला ते माझ्याकडूनच कळायचे. एकदा कचऱ्याच्या पेट्या शाळेच्या दारात ठेवायचे ठरत होते. माझ्यावर सुनावणीची तारीख वाचून अर्धी गल्ली सभागृहात जाऊन बसली आणि पेट्यांची जागा बदलली. त्यानंतर कितीतरी दिवस येणारे-जाणारे माझ्या चौकटीवर प्रेमाने थाप मारून जात होते.

काकांची एक खोड होती. बातमी ते तोंडाने सांगत नसत. कोणी विचारले, "काका, काय नवीन?" की उत्तर ठरलेले, "लिहिलंय की. वाच." लोक हसायचे आणि वाचायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. फार पूर्वी त्यांनी एका आजोबांच्या जाण्याची बातमी लिहिली आणि तिच्याच खाली 'पांढरे मांजर सापडले आहे' असे लिहिले. त्या घरच्या आजी आल्या, दोन्ही ओळी वाचल्या आणि पाठ फिरवून घरी गेल्या. काकांच्या मनाला ते फार लागले. तेव्हापासून गल्लीतले कोणी गेले की सगळा फळा पुसायचा, फक्त त्या माणसाचे नाव लिहायचे आणि आठवडाभर दुसरे अक्षरही काढायचे नाही. हा नियम गल्लीने इतका मनावर घेतला की तो मोडायचे कोणाच्या मनातही येत नसे.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले. गल्लीचा एक ग्रुप झाला. त्यात वाढदिवस असतात, फुलांची चित्रे असतात, 'कोणाच्या घरी लाइट आहे का' असते. नगर कार्यालयाच्या काचेच्या पेटीपर्यंत मात्र त्या ग्रुपमधले कोणी जात नाही. लोक माझ्यासमोरूनच जायचे, पण मान खाली घालून. काका तरीही लिहीत राहिले. खरे सांगायचे तर मला रोज वाचणारे एकच माणूस उरले होते, टेलरताई.

टेलरताई लाँड्रीच्या वरच्या खोलीत शिवणकाम करायची. तिची आई कालव्याच्या पलीकडे राहायची, अंथरुणाला खिळलेली. ताई सकाळी लवकर डबा घेऊन कालव्यावरच्या लोखंडी पुलावरून जायची, आईचे सगळे आवरायची आणि परत येऊन मशीनवर बसायची. संध्याकाळी पुन्हा तेच. पूल अरुंद, गंजलेला, पण त्याच्यामुळे आई हाकेच्या अंतरावर होती. तो नसता तर दोन बस बदलून मोठ्या रस्त्याने वळसा घालावा लागला असता. जाता-येता ती माझ्यासमोर थांबायची, ओठ हलवत वाचायची आणि मग पुढे जायची. ती थांबली की मला बरे वाटायचे.

एका संध्याकाळी काका नगर कार्यालयातून परतले ते घाईघाईने. मला स्वच्छ पुसून त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले: 'कालव्यावरचा पूल पाडणार आहेत. हरकत असेल तर गुरुवारी सकाळी सभागृहात येऊन सांगा. कोणी आले नाही तर हरकत नाही असे धरतील.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

लाँड्रीवाल्याने आतूनच विचारले, "काय नवीन, काका?"

"लिहिलंय की. वाच."

"ढीग पडलाय कपड्यांचा. उद्या वाचतो."

"वाच मग उद्या," काका म्हणाले आणि हात झटकत घरी गेले. ताई त्या दिवशी आईला ताप होता म्हणून पलीकडेच राहिली होती. बाकीची गल्ली फोनमध्ये बघत माझ्यासमोरून गेली. त्या संध्याकाळी मला एकानेही वाचले नाही.

सकाळी काका उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

लाँड्रीवाला त्यांच्या घरून परतला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. त्याने फडके भिजवले आणि माझ्यासमोर उभा राहिला. माझ्यावरची अक्षरे चांगली मोठी होती, पण त्याला त्या वेळी काही दिसत नव्हते. शेजारचा कोणीतरी म्हणाला, "काहीतरी लिहिलेलं दिसतंय."

"असेल. आज दुसरं काही नको," लाँड्रीवाला म्हणाला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पुसले आणि काकांचे नाव लिहिले. त्यांचे खरे नाव अर्ध्या गल्लीला त्याच दिवशी कळले.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. फळ्याला तोंड नसते. जो खडू धरील त्याचेच तो बोलतो. माझ्या अंगावरून ते पाणी ओघळत होते आणि त्याच्याबरोबर गुरुवार, सभागृह, पूल सगळे खाली वाहून जात होते.

मी वाळलो तशा जुन्या खडूच्या पुसट रेघा पुन्हा दिसू लागल्या. माझी सगळी आशा त्या रेघांवर होती. दुपारी टेलरताई आली. ती खूप वेळ उभी राहिली. लाँड्रीवाल्याचे अक्षर म्हणजे कोंबडीने पाय उमटवावेत तसे. ताईला ते बघवेना. "काकांचं नाव असं?" ती पुटपुटली. तिने ओढणीच्या टोकाने नावामागचा भाग घासून काळाभोर केला आणि नाव पुन्हा नीट, गोलसर अक्षरांत लिहिले. एवढे सुंदर अक्षर माझ्यावर काकांच्या हातानंतर कोणी काढले नव्हते. आणि एवढे एकटे मला कधी वाटले नव्हते. तिची बोटे त्या शब्दांवरूनच फिरत होती आणि ती ते पुसत होती.

तो आठवडा सगळी गल्ली माझ्यासमोर येऊन थांबत होती. फोन खिशात ठेवून लोक एकच नाव वाचत होते. इतके वाचक मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. मधेच गुरुवार येऊन गेला.

शुक्रवारी सभागृहाचा शिपाई आपला गणवेश इस्त्रीला घेऊन आला. "काल बसून बसून कंटाळलो," तो म्हणाला. "खुर्च्या मांडल्या, साहेब आले, दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. सगळा चहा मलाच प्यावा लागला."

"कशाची सभा होती?" लाँड्रीवाल्याने विचारले.

"पुलाची. पाडणार ना तो. म्हटलं, तुमच्या गल्लीतले तरी येतील."

लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तिथेच थांबली. जळका वास आला तेव्हा त्याला भान आले. तो बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग जिना चढून वर ताईकडे गेला.

ताई तशीच नगर कार्यालयात धावली. तिथे तिला सांगितले, "मुदत संपली. एकही हरकत आली नाही." ती परत आली आणि लाँड्रीच्या पायरीवर बसली. लाँड्रीवाला तिच्यासमोर उभा होता, मान खाली घालून.

"ताई, मी न वाचता पुसलं. काका म्हणाले होते वाच म्हणून."

ताईने वळून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तू ओलं फडकं फिरवलंस, दादा. मागे काहीतरी पुसट राहिलं होतं. काकांचं नाव नीट दिसावं म्हणून ते मी पुसलं."

दोघांनीही एकमेकांना दोष दिला नाही. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पूल उतरवायला फार दिवस लागले नाहीत. ताईने काही दिवस दोन बस बदलून पाहिल्या. कपडे वेळेवर होईनात आणि आईही वाट पाहून रडू लागली. शेवटी तिने खोली सोडली. टेम्पोत मशीन चढवून ती पलीकडे राहायला गेली. जाताना ती सवयीने माझ्यासमोर थांबली. माझ्यावर काहीच लिहिलेले नव्हते. तरीही ती थोडा वेळ थांबली, आणि मग टेम्पोत बसली.

आता लाँड्रीवाला कधीतरी माझ्यावर 'आज दुकान बंद' असे लिहितो. नगर कार्यालयाच्या पेटीत नव्या सूचना लागत असतील, पण तिथून इथपर्यंत चालत येणारे कोणी नाही. दिवसभर माणसे माझ्यासमोरून जातात आणि मी कोरा राहतो. खूप एकटे वाटते. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, माझ्या गल्लीतली माणसे वाईट नाहीत. त्यांनी काकांवर मनापासून प्रेम केले, अगदी त्यांनीच घातलेला नियम पाळून केले. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. माणूस गेला की त्याचे नाव जरूर लिहा, जमेल तितक्या सुंदर अक्षरात लिहा. फक्त फडके भिजवण्याआधी क्षणभर थांबा, आणि तो शेवटचे काय लिहून गेला आहे, ते वाचा.