गार इंजिनाची किल्ली

सकाळी सातला आबांनी गॅरेजचं शटर वर ढकललं आणि खिळ्यांवरच्या किल्ल्यांकडे हात नेला. दुरुस्तीला आलेल्या आठही गाड्या एकदम चालू करून 'जाग्या करायच्या', ही त्यांची तीस वर्षांची रीत. आज निळ्या गाडीचा खिळा रिकामा.

"किल्ली कुठंय?"

"माझ्याकडे." मागच्या दारानं आधीच आलेली थोरली लेक बॉनेटला टेकून उभी होती. मूठ घट्ट.

"दे इकडे."

"नाही देणार."

गाडी नर्सबाईंची. सकाळी चालू केली की उग्र वास सुटायचा, डॅशबोर्डवर पिवळा दिवा डोळे वटारायचा. थोरलीनं सायलेन्सरकडे हवा फुंकणारा पंप बदलला, त्याचा व्हॉल्व्हही बदलला. पण दोन दिवस आबांचं एकच टुमणं, पंप मुका आहे. सायलेन्सरच्या पायपात हवा फुंकतात कधी? पत्रा ठोकून वाटच बुजवू. काल तर निकालच दिला: "उद्या बोलला नाही तर पत्रा. आणि तू पुन्हा काउंटरवर."

तेव्हाच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंप फक्त गार इंजिनावर, मिनिटभर गुणगुणतो. सातला आठ इंजिनांच्या कल्लोळात ती गुणगुण बुडायची, आणि थोरली आठ वाजता दाखवायला यायची तेव्हा इंजिन तापलेलं.

"गाडी गार हवी, आबा."

"जग गरमागरम मागतं, हिला गार हवं!"

"आईची चूल आठवते? पहाटे गार असायची, लाकडं ठासून भरलेली, मग नुसती धुमसायची. आई काय करायची?"

"फुंकणी घ्यायची."

"गार इंजिनाचंही तसंच. पेट्रोल जास्त पितं, सगळं पचत नाही. उरलेलं सायलेन्सरकडे पळतं. तिथं पंप ताजी हवा फुंकतो, ते वाटेतच जळतं, आणि धूर धुणारा डबा झटकन तापतो. मग पंप गप्प. चूल पेटल्यावर आई फुंकत बसायची का?"

"मग जुना पंप मेला कशानं?"

"फुंकणी तोंडाला असताना श्वास आत ओढला तर?"

आबांना नुसत्या आठवणीनं ठसका लागला. "धूर घशात."

"हवेला उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. ओला धूर पंपाच्या घशात गेला. गंजला बिचारा."

"फार शहाणी. आण किल्ली, मी लावतो."

"मीच लावणार. बाकीच्या सात गाड्या बंद राहतील."

"बापाला हुकूम?"

"हो. आज हुकूमच."

आबा लालबुंद झाले, पण जागचे हलले नाहीत. तिनं किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, आणि त्याच्या आवाजामागून दुसरा आवाज उठला, बारीक, एकसुरी, लांबवर कुणी लेकराला थोपटत गुणगुणावं तसा. आबांनी पंपावर तळवा ठेवला. थरथर हातात आली. मागे जाऊन त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला. उग्रपणा कुठं नव्हता.

मिनिटभरानं गुणगुण थांबली.

"मेला! बघ, मेला!" आबा जवळजवळ आनंदानं ओरडले.

"निजला. काम झालं त्याचं."

आबांनी वाट बुजवायला आणलेला पत्रा बाकावरून उचलला आणि उलटासुलटा केला. स्वतः कापलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला. "बरं, ही राहू दे. पण पुढच्या गाडीला पत्राच."

थोरलीनं तो त्यांच्या हातून काढून घेतला, बाकावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात धरला आणि हातोड्याच्या एका घावात दुमडला.

"पुढचीही गारच ठेवा," ती म्हणाली, आणि किल्ली खिळ्याला न लावता कमरेला खोचली.