काटासाहेबांची दुरुस्ती

"पहारेकरी परत हातात घ्या," काटासाहेबांनी निकाल दिला आणि टेबलावरचं पहारेकऱ्याचं पान दोन बोटांनी बसड्रायव्हरकडे सरकवलं. "वादळाचं पान पडलं की पहारेकरी खेळणाऱ्याच्या हातात परत जातो. नियम स्पष्ट आहे. चालू द्या."

ज्याच्या बाजूने निकाल लागतो त्याचा चेहरा खुलायला हवा. बसड्रायव्हरचा खुलला नाही. त्याने समोर बसलेल्या औषधांच्या दुकानातल्या मुलीकडे पाहिलं, मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग दोघांनीही साहेबांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. साहेबांनी मान वळवली. मागे कवळीवाला उभा होता. जणू काही चुकून तिथे आल्यासारखा छताकडे बघत.

"काय रे, छत गळतंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. सहजच."

सहज! गेले कित्येक रविवार हा माणूस सहजच त्यांच्या मागे उभा राहत होता. आठवडाभर दातांच्या कवळ्या बनवायच्या आणि रविवारी इथे येऊन उपपंचाची पिवळी पट्टी दंडाला बांधायची, हा त्याचा क्रम. माणूस गोड बोलायचा. आणि गोड बोलणाऱ्याबद्दल काटासाहेबांचं मत वाईट होतं.

त्यात त्यांचा दोष नव्हता. उभी हयात त्यांनी वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढली होती. दुकानात शिरायचं, पेटीतून खात्याची वजनं काढायची, ती दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं. काटा खोटा निघाला की प्रत्येक दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "साहेब, स्प्रिंग ढिली झाली असेल." साहेबांनी एकाही स्प्रिंगवर कधी विश्वास ठेवला नाही. जगात दोन प्रकारची माणसं असतात, पकडली गेलेली आणि अजून पकडायची राहिलेली, असं ते जेवताना बायकोला सांगत. बायको म्हणे, "मग मी कुठल्या प्रकारात?" यावर ते आमटी वाढायला सांगत.

पत्त्यांच्या या खेळात ते शिरले तेही चोर पकडायलाच. मुलगा लहान असताना या चित्रांच्या पत्त्यांसाठी वेडा झाला होता. पानं जमवायची, एकमेकांत अदलाबदल करायची, त्यातून आपापला कॅट बांधायचा आणि पोहण्याच्या तलावावरच्या या हॉलमध्ये येऊन स्पर्धा खेळायची. मुलाला सोडायला आलेले साहेब भिंतीला टेकून उभे राहत. एका दुपारी त्यांनी एका गृहस्थाला बाहीत पान सरकवताना पाहिलं आणि तिथेच त्याची बाही धरली. पुढे मुलगा मोठा झाला, पत्ते विसरला, नोकरीसाठी लांब गेला. बाप इथेच राहिला. नोकरी संपली, पेटी खात्यात जमा झाली, आणि अंगावर उरला तो मुख्य पंचाचा निळा बिनबाह्यांचा कोट. तो त्यांना पेन्शनपेक्षा प्यारा होता. आज हंगामाची शेवटची स्पर्धा होती, आणि हा कोट अंगावरून उतरवण्याचा कोणाचा तरी डाव आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. कोणाचा, तेही त्यांना ठाऊक होतं. फक्त रंगेहाथ पकडायचं बाकी होतं.

"पंच!"

पलीकडच्या खिडकीजवळच्या टेबलावरून हात वर झाला. साहेबांनी बघायच्या आधीच आवाज ओळखला. तो त्यांच्या बायकोचा होता.

हे दुसरं पाणी मुरत होतं. जिने आयुष्यभर पत्ते हातात धरले नाहीत, मुलाच्या पत्त्यांना जी 'ती भुतावळ' म्हणायची, ती बाई गेल्या वर्षी अचानक म्हणाली, मीही खेळायला येते. बरं, आली ती आली. तिच्या वादाचे निकाल नवऱ्याने द्यायचे नाहीत, ते उपपंच देईल, असं ठरलंही. पण नियमाची साधी शंका कोणीही विचारावी आणि पंचाने सांगावी, याला कोणाची हरकत नव्हती. मग बाईसाहेबांना शंकांची उबळच यायला लागली.

"बोला," साहेब टेबलापाशी जाऊन म्हणाले. हॉलमध्ये ते तिला अहोजाहो करत. पंचाने कसं निःपक्ष असावं.

"अहो पंच, माझा कॅट संपला आणि उचलायला पानच उरलं नाही, तर काय होतं?"

"हरता. उचलायची पाळी आली आणि पान नाही, तर खेळ तिथेच संपला." साहेबांनी आवाज जरा चढवला, कारण शेजारच्या टेबलांवरचेही कान टवकारले होते. "हा या खेळाचा पाया आहे. बाकी नियम येतील नि जातील, हा बदललेला नाही आणि बदलणारही नाही."

"वा! किती सोपं करून सांगता तुम्ही," बायको म्हणाली.

सोपं करून? हेच तिने मागच्या रविवारी विचारलं होतं. रात्री स्वयंपाकघरात ती एकटीच पानं मांडून सराव करायची, तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिला कॅट संपल्यावर 'हरले' म्हणून पानं गोळा करताना पाहिलं होतं. म्हणजे उत्तर ठाऊक होतं. मग विचारायचं कशाला? वेळ काढायला? पण तिच्यासमोर बसलेला शिंपी तर तिच्याहून सावकाश खेळणारा, त्याच्याशी वेळ काढून हिला काय मिळणार!

आणि गुरुवारचा तो फोन. साहेब बाहेरून आले तेव्हा ती खिडकीत पाठमोरी उभी राहून बोलत होती, "नाही, त्यांना कळता कामा नये. मी हात वर केला की तुम्ही तिकडचं बघा." चाहूल लागताच तिने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"प्लंबर."

"प्लंबरसाठी हात कशाला वर करावा लागतो?"

"नळ वर आहे म्हणून," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली. बायको खोटं बोलण्यात कच्ची होती. इतकी वर्षं साहेबांना या गोष्टीचा अभिमान वाटत आला होता.

आता तिच्या टेबलापासून परत फिरताना त्यांनी हॉलवर नजर टाकली. कवळीवाला बसड्रायव्हरच्या टेबलापाशी वाकला होता. साहेब वळलेले दिसताच तो सरळ झाला आणि खिशातून रुमाल काढून त्याने नाक शिंकरलं. सर्दी नसताना.

डोक्यात बत्ती पेटली ती तिथे. तिचा हात वर, की हा तिकडे! साहेबांनी मागचे रविवार आठवून पाहिले. प्रत्येक वेळी हेच. साहेबांनी कुठेतरी निकाल द्यायचा, लगेच खिडकीतून 'पंच!', साहेब तिकडे जाणार आणि मागे हा कवळीवाला त्या टेबलावर काहीतरी कुजबुजणार. म्हणजे खेळाडूंचे कान भरणं चाललं होतं. निळा कोट याला हवा होता, आणि त्यासाठी फितूर कोणाला केलं होतं, तर सख्ख्या बायकोला! खोटे काटे त्यांनी हजारांनी पाहिले होते, पण एकही त्यांच्या घरात नव्हता.

त्यांनी सापळा लावायचं ठरवलं. सापळा कसला, नुसती वाट बघायची होती.

पुढच्या फेरीत औषधवाल्या मुलीने हात वर केला. या वेळी तिच्यासमोर एक जाडजूड बेकरीवाला होता. वाद तोच. बेकरीवाल्याचा पहारेकरी, मुलीचं वादळ.

"परत हातात," साहेब म्हणाले. मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"पंच!" खिडकीतून आवाज आला.

"आलो," साहेब म्हणाले आणि निघाले. पाच-सहा पावलं टाकली आणि गर्रकन मागे वळले.

कवळीवाला टेबलावर वाकलेला होता. बेकरीवाल्याच्या हातातून पहारेकऱ्याचं पान घेऊन तो ते बाद पानांच्या ढिगावर ठेवत होता. या वेळी त्याला रुमाल काढायलाही सवड मिळाली नाही.

"सापडलास!" साहेब कडाडले. खालच्या तलावात कोणीतरी उडी मारल्याचा आवाज वरपर्यंत आला. "माझा निकाल फिरवतोस? माझ्या पाठीमागे? किती दिवस चाललंय हे?"

कवळीवाल्याची मान खाली गेली. "साहेब, आपण बाहेर बोलू."

"बाहेर का? इथेच बोल. सगळ्यांना कळू दे. पहारेकरी ढिगात कुठल्या नियमाने गेला?"

"साहेब, खरंच, जाऊ द्या," बेकरीवाला म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

"तुला विचारलं नाही. याला विचारतोय!"

तेव्हा औषधवाल्या मुलीलाच राहवलं नाही. "काका, त्यांना नका ना बोलू. पहारेकरी ढिगातच जातो. पूर्वी हातात यायचा, पण मग तोच तोच खेळत बसून लोक डाव संपूच द्यायचे नाहीत. म्हणून तर ती काटासाहेबांची दुर..." आणि तिने जीभ चावली.

"कोणाची?"

बेकरीवाला हातातली पानं उगाच लावायला लागला.

"कोणाची, म्हणतो मी?"

"तुमची, साहेब," कवळीवाला हळूच म्हणाला. "तुम्हीच पत्त्यांच्या कंपनीला लिहून कळवलं होतं, की या नियमात खोट आहे. वर्षभर पाठपुरावा केलात. त्यांनी दुरुस्ती काढली. सगळीकडे आता तसंच खेळतात. आपण इथे तिला तुमच्याच नावाने ओळखतो. तुम्ही त्या व्यासपीठावर उभं राहून ती वाचून दाखवलीत, आम्ही टाळ्या वाजवल्या."

साहेबांनी व्यासपीठाकडे पाहिलं. जुना नियम त्यांना लख्ख आठवत होता. ज्या पुस्तिकेत तो होता तिचा पिवळा रंग, मुलाने तिच्यावर सांडलेलं दूध, सगळं. त्या टाळ्या मात्र कुठेच सापडेनात. त्यांनी मनातले सगळे कप्पे उघडून पाहिले. तिथे काही नव्हतं. हे सगळे मिळून खोटं बोलत आहेत, असं म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. मग मुलीचे डोळे भरलेले दिसले, आणि पलीकडे खिडकीत बायकोचा हात. तो अजून वरच होता. खाली घ्यायचं ती विसरली होती.

काटासाहेब जिन्यात गेले.

जिन्याच्या खिडकीतून खालचा तलाव दिसत असे. औषध टाकलेल्या पाण्याचा वास वर येत होता. मागोमाग बायको आली आणि एक पायरी वर थांबली.

"याच्यासाठी शिकलीस पत्ते?"

"नाहीतर काय, हौस होती मला त्या भुतावळीची? इतकी पानं, इतकी अक्षरं. डोळे फुटायची वेळ आली."

"मला ओढून घ्यायचीस आणि तो मागे निस्तरायचा."

"हो."

"आणि मला विचारायचीस तेही निवडून. जे बदललं नाही तेवढंच."

"ते तुम्ही फार छान सांगता," ती म्हणाली. "सगळे ऐकत असतात. मलाही ऐकावंसं वाटतं."

साहेबांनी कठडा घट्ट धरला. "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, कवळीवाल्याला माझा कोट हवाय. त्याला मागच्याच महिन्यात आयोजकांनी विचारलं होतं, घेतोस का म्हणून. नाही म्हणाला तो."

हे मात्र साहेबांना फार लागलं. चोर पकडला असता तर बरं झालं असतं. चोराचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते सगळे दुकानदार आठवले, काउंटरमागे घाम पुसत स्प्रिंगची शपथ घेणारे. त्यांतले थोडे तरी खरं बोलत असतील. त्यांनी कोणाचंही ऐकून घेतलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि बायकोसमोर रडायची सवय नसल्यामुळे ते तलावात पोहणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे बघत राहिले. ती पायरी उतरून शेजारी आली आणि तिने त्यांच्या कोटाची दुमडलेली कड सरळ केली.

"घरी जायचं का?" तिने विचारलं.

"स्पर्धा चालू आहे," साहेब म्हणाले. "तुझा शिंपी खोळंबलाय."

ते परत हॉलमध्ये आले तेव्हा लोक भलतंच मन लावून आपापली पानं बघायला लागले. कवळीवाला दाराशीच होता. साहेबांना त्याची माफी मागायची होती, पण असले शब्द त्यांच्या पेटीत कधी नव्हतेच. "सर्दी बरी झाली का?" त्यांनी विचारलं. "झाली साहेब," तो म्हणाला.

शेवटच्या फेरीला मधल्या टेबलावरून बसड्रायव्हरने हात वर केला आणि वर करताच त्याला पश्चात्ताप झाल्यासारखा दिसला. साहेब गेले. समोर एक नवंकोरं पान पडलं होतं, या हंगामात आलेलं, आणि त्यावरचं कलम त्यांनी कधी पाहिलं होतं की नाही, ते त्यांना सांगता येत नव्हतं. पूर्वी ते असं थांबले नसते. जे मनात येईल ते ठणकावून सांगून पुढे गेले असते. सगळा हॉल न बघितल्यासारखं करून बघत होता. खिडकीतला बायकोचा हात खांद्यापर्यंत वर आला.

"थांबा," काटासाहेब म्हणाले. पुढचं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते, त्यामुळे आवाज जरा घोगरा निघाला. "विचारून सांगतो."

त्यांनी मान वळवून कवळीवाल्याला बोलावलं. तो आला, त्यांच्या मागे नाही, शेजारी उभा राहिला आणि पान बघून त्याने हलक्या आवाजात नियम सांगितला. साहेबांनी तो लक्ष देऊन ऐकला, पुन्हा एकदा विचारून घेतला आणि मग नेहमीच्या खणखणीत आवाजात टेबलाला निकाल दिला.

खिडकीतला बायकोचा हात खाली आला आणि त्याने पुढचं पान उचललं.